आम्ही चौघे, मोत्या आणि रेवस

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मध्यमवर्गीय घरात दरवर्षी एक प्रश्न नव्याने उभा राहतो: यंदा जायचे कुठे? ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यापुढे मात्र त्याच्याही आधी दुसरा प्रश्न येऊन बसलेला असतो: याचे काय करायचे? शेजाऱ्यांवर सोपवावा, तर ते स्वतःच गावाला निघालेले असतात. पैसे भरून कुठे ठेवावा, तर तो तिथे अन्न सोडतो आणि इकडे आपल्याला सुट्टीचा घास गोड लागत नाही. शेवटी घरातले कोणीतरी म्हणते, ‘तुम्ही या जाऊन, मी थांबते.’ हे ‘कोणीतरी’ कोण असते, हे क्रियापदाच्या लिंगावरून चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेलच. आमच्या घरी लागोपाठ तीन उन्हाळे सौ. अशी थांबली. चौथ्या वर्षी धाकटीने निर्वाणीचा खलिता धाडला: मोत्या आणि आई, दोघेही येणार असतील तरच आपण येऊ.

मोत्या हा कोणत्याही थोर कुळातला नव्हे. तो आमच्या वसाहतीच्या जिन्याखाली जन्मला आणि एका पावसाळ्यात वर आला, तो आलाच. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा त्याच्याविषयी बोलताना आपल्या भाषेने कुत्र्याला किती वाईट वागवले आहे याची मला वारंवार आठवण होते. शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते त्याचे, मरण वाईट ते त्याचे, आणि घालवून देण्यासाठी खास राखून ठेवलेला ‘हाड्’ हा शब्दही त्याचाच! पण त्याच भाषेच्या पोटात दुसरीही एक परंपरा आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात. आणि ज्या मुंबईहून आम्ही निघणार होतो, त्या मुंबईत १८३२ सालच्या जून महिन्यात, सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली म्हणून पारशी मंडळींनी दंगा केला होता, बाजार बंद पडले होते. तेव्हा कुत्र्यासाठी अडून बसणारी आमची धाकटी ही काही पहिली मुंबईकर नव्हे.

समुद्र हवा, फार लांब नको आणि कुत्रा चालला पाहिजे, या तीन अटींत बसणारी वाट आम्हाला भाऊच्या धक्क्यावर सापडली. माझगावच्या या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते. सव्वा-दीड तासाचा प्रवास. खलाशाने एकदा मोत्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले आणि ‘मागं बसा, पट्टा सोडू नका’ एवढे म्हणून तो दोर सोडायला वळला. सगळीकडे असेच चालेल असे नाही. धक्क्यावर आधी विचारून घेणे बरे. ज्यांच्याजवळ मोटार आहे त्यांना २०२० च्या मार्चपासून आणखी सोय झाली आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. तिच्यात मोटारही चढते आणि तिकीट काढून पाळीव प्राण्यालाही नेता येते. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्यापासून पेणमार्गे येणेही सुकर झाले आहे. पण समुद्राकडे समुद्रावरूनच जावे, असे माझे मत आहे. लाँच सुटली, वाऱ्यात मासळीचा आणि डिझेलचा वास मिसळला आणि मोत्याने नाक वर करून जो श्वास घेतला, तो पाहून सौ. म्हणाली, ‘तीन वर्षांची सुट्टी वसूल झाली याची.’ स्वतःच्या तीन वर्षांबद्दल ती काही बोलली नाही.

रेवस हे नाव जुन्या मराठी माणसाच्या कानी पडले की त्याच्या मनात एक सावली हलते. १७ जुलै १९४७ या दिवशी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, ‘रामदास’ ही आगबोट याच भाऊच्या धक्क्यावरून याच रेवसला निघाली होती. गटारीसाठी घरी जाणारी माणसे तिच्यात खच्चून भरलेली होती. काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या पाण्यावरून जाताना लाँचमधल्या एका म्हातारबाबांनी टोपी काढली. मुलांनी कारण विचारले, मी सांगितले, आणि थोडा वेळ कोणी बोलले नाही. समुद्र ही करमणुकीची जागा होण्याआधी ती धाकाची जागा होती, हे सुट्टीच्या पहिल्या तासात मुलांना कळले, हे चांगलेच झाले.

रेवसला उतरलो आणि मुलांचे चेहरे उतरले. वाळू नाहीच! धरमतर खाडीच्या मुखावरचे हे गाव. इथे आहे तो चिखल, तिवरांचे रान, खाऱ्या वाऱ्यात उभा असलेला धक्का आणि पलीकडच्या करंज्याला जाणारी होडी. मोत्याला मात्र हा चिखल म्हणजे साक्षात नंदनवन वाटले. पट्टा धाकटीच्या हातून ओढून घेऊन तो पोटापर्यंत रुतला आणि काळाशार होऊन वर आला. धक्क्याजवळ मासळीची पाटी मांडून बसलेल्या मावशी पोट धरून हसल्या. मग त्याला धुवायला त्यांनीच एक कळशी पाणी दिले. त्यांच्या पाटीमागे एक लांब केसांचे, झुपकेदार शेपटीचे, पण आता जटा झालेले कुत्रे बसले होते. अशा जातीचे कुत्रे इथे कसे, असे सौ.ने विचारले. मावशी म्हणाल्या, ‘मुंबयची मानसा येतान, ना कुतरा सोरून जातान.’

हे वाक्य पुढचे चार दिवस आमच्याबरोबर फिरत होते. कुत्र्याला सुट्टीवर नेणारे आम्ही काही विशेष करतो आहोत असा जो थोडासा ताठा मनात होता, तो त्या कळशीच्या पाण्याबरोबर वाहून गेला. समुद्रकिनारा हा कुत्रा नेण्याचा आहे, तसाच काहींच्या लेखी तो टाकून येण्याचाही आहे. आणि टाकलेले कुत्रे गावच्या कुत्र्यांत ना मिसळते, ना परत जाऊ शकते.

रेवसहून दक्षिणेकडे निघाले की बोडणी लागते आणि मांडव्यापासून वाळू सुरू होते. मग सासवणे, आवास, किहीम, थळ, वरसोली, अलिबाग, आक्षी, नागाव अशी गावे एका माळेत ओवल्यासारखी आहेत. यांतला कोणता किनारा कुत्र्याला मानवतो, हे सांगण्याआधी कोणत्या वेळी मानवतो हे सांगितले पाहिजे, कारण वेळ चुकली तर उत्तम किनाराही वैरी होतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग निववतो, थोडाफार घाम येतो तो पावलांच्या गाद्यांना. मेच्या दुपारी कोरडी वाळू तव्यासारखी तापते आणि त्या गाद्याच भाजतात. हाताची उलटी बाजू वाळूवर पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

इथे कोकणातले जुने गणित कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळ-संध्याकाळ पाणी वर आणि ओली वाळू उघडी पडणार ती ऐन बारा वाजता. उलट पौर्णिमा किंवा अमावास्या धरून गेलात, तर भरती भर दुपारी आणि सकाळी-संध्याकाळी, उन्हे कोवळी असताना, फर्लांगभर ओली, घट्ट, थंड वाळू मोकळी! धावणाऱ्या कुत्र्याला याहून काय हवे? मात्र त्याच दिवसांत पाणी जसे दूर जाते तसे चढतेही झपाट्याने. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवावे, कारण कुत्र्याला काखेत मारून परतणे ही चैन नव्हे. आम्ही पंचांग पाहून पौर्णिमा गाठली होती. माझ्या विद्वत्तेचा घरात झालेला हा बहुधा पहिलाच उपयोग.

आता किनारे. मांडव्याला बोटींची वर्दळ. तिथे उतरावे आणि पुढे व्हावे. सासवणे आणि आवास हे दोन आमच्या मोत्याने पसंत केले. गर्दी बेताची, काठाला झाडी, वाळू लांबवर मोकळी. सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांचे घर आहे. त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय तिथेच आहे. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या या माणसाने अंगणात एक म्हैस अशी बसवली आहे, की आमचे थोरले चिरंजीव तिला वळसा घालून गेले. आम्ही दोघा-दोघांनी पाळीपाळीने आत जाऊन पाहिले. एक जोडी मोत्याबरोबर झाडाखाली. कुत्रा बरोबर असला की प्रवासात अशा पाळ्या लावाव्याच लागतात, आणि मागे राहणारा दरवेळी एकच असता कामा नये, हा आमच्या घरचा नवा कायदा.

किहीमला सुरूची दाट सावली आहे. इथेच सालीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. पण रविवारी किहीम, अलिबाग आणि नागाव इथे टांगे, घोडे, वाळूवर घरघरणाऱ्या गाड्या आणि पाण्यातल्या करमणुकी यांची जत्रा असते. घोड्याच्या पायांत घुसणारा कुत्रा स्वतःलाही धोका आणि टांग्यातल्या पोरांनाही. तिथे जायचेच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, भल्या पहाटे. आक्षी पुन्हा शांत. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा मराठी शिलालेख याच गावचा. मराठीच्या मास्तराने तिथे नमस्कार न करता पुढे जाणे शक्य नव्हते. पण आक्षीच्या ओल्या वाळूत पक्षी उतरतात. एप्रिलपर्यंत उत्तरेकडे परतणारे चिखले नि कुरव इथे पोट भरून घेत असतात. त्यांच्या थव्यात कुत्रा सोडून ते भुर्रकन उडताना पाहणे मुलांना गंमत वाटते. त्यांना मात्र हजारो मैलांसाठी साठवलेली शक्ती खर्चावी लागते. थवा दिसला की पट्टा लावावा.

आणखी दक्षिणेला, दिवेआगर आणि हरिहरेश्वर इथे, समुद्री कासवे अंडी घालतात आणि पिल्ले निघण्याचा काळ मेपर्यंत चालतो. वाळूतली घरटी उकरण्यात कोल्ह्याइतकाच कुत्राही तरबेज. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी जपली. त्या किनाऱ्यांवर त्या दिवसांत मोत्याला नेऊ नये, असे आम्ही ठरवले. विलायतेत कित्येक समुद्रकाठच्या गावी मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते, तशी पाटी लागते. आपल्याकडे पाटी नसते. तेव्हा ती पाटी आपणच मनात लावून घ्यावी लागते.

सर्वांत जपावे ते मासळीच्या वाळवणाला. वलांडीवर बोंबील टांगलेले असतात, खळ्यावर जवळा पसरलेला असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. मेमधले हे वाळवण म्हणजे कोळ्याच्या घरची पावसाळ्याची बेगमी. आपण अंगणात पापड घालावेत आणि पाहुण्याच्या कुत्र्याने त्यांच्याजवळ पाय वर करावा, तसे ते होते. एका गावी आम्हाला आधी होकार देऊन ऐनवेळी खोली नाकारण्यात आली. सौ. रागावली, पण शेजारच्या बाईंनी कारण सांगितले: मागच्या पाहुण्यांच्या कुत्र्याने खळे उधळले होते आणि पाहुणे हसत बसले होते. दुसऱ्याच्या कुत्र्याचे कर्ज आम्ही फेडले. शेवटी त्याच बाईंनी आपल्या पडवीत जागा दिली आणि मोत्याला भाताची पेज घातली.

जाणाऱ्यांसाठी शेवटी थोडी शिदोरी. गोडे पाणी भरपूर न्यावे. खारे पाणी प्यायल्याने ओकाऱ्या नि जुलाब होतात. काठावर पडलेले जेलीफिश आणि टम्म फुगणारा केंड मासा यांच्याजवळ जाऊ देऊ नये. केंडाचे विष जीवघेणे. रेबीजची लस घेतल्याचा कागद जवळ असावा, कारण गावची कुत्री प्रत्येक देवळापाशी नवी हद्द आखून बसलेली असतात. रोज संध्याकाळी अंग गोड्या पाण्याने धुवावे. विष्ठा कागदात उचलावी. लाज वाटत असेल तर पहाटे उचलावी, पण उचलावी. आणि गळ्यात पट्ट्याबरोबर आपला दूरध्वनी क्रमांक बांधावा.

या सर्वांतून कुत्र्याला मानवणारा किनारा कोणता, याचे उत्तर मुलांनीच काढले. जिथे आपला कुत्रा आला होता हे तिथल्या माणसांना आठवते आणि त्यांनी पुन्हा या म्हटलेले असते, तो. त्या हिशेबाने आमच्या यादीत आज सासवणे, आवास आणि ती पडवी एवढी तीन नावे आहेत. यंदा वैशाखी पौर्णिमेच्या आठवड्यात सौ. आणि मोत्या दोघेच आधी पुढे जाणार आहेत; उत्तरपत्रिका तपासून संपल्या की मी मुलांना घेऊन मागाहून जाईन. मावशींसाठी मुंबईहून काय आणायचे, ते तिने आताच लिहून ठेवले आहे. आणि त्या लांब केसांच्या कुत्र्यासाठी एक कंगवा.