गळ्यातली धोंड

मराठी माणसाने आजवर दगडावर जितका राग काढला आहे, तितका सख्ख्या भाऊबंदांवरही काढला नसेल. मुलाच्या डोक्यात गणित शिरले नाही की तो दगड. कोणाचे मन द्रवले नाही की ते दगडाचे. पोर वाह्यात निघाले की त्याची आई कळवळून म्हणणार, ‘तुझ्याऐवजी दगड झाला असता, तर धुणे धुवायला तरी कामी आला असता!’ आणि जी जबाबदारी टाकताही येत नाही नि पेलवतही नाही, ती गळ्यातली धोंड. गेली अठरा वर्षे हे वाक्प्रचार मी मुलांना शिकवीत आलो आहे. याच दगडाला शेंदूर फासला की आपण त्याच्यापुढे नारळ फोडतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्या पांढरकवड्याकडे त्याला दगड म्हणत नाहीत, गोटा म्हणतात. शेताला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा. माझ्या आईचे उभे आयुष्य या तीन शब्दांत गेले. वावरातले गोटे वेचायचे आणि धुऱ्यावर नेऊन टाकायचे. उन्हाळ्यात धसकटे वेचून झाली की हे काम सुरू होई. वखराची पास गोट्यावर आदळून वाकली की वडिलांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. गंमत अशी, की यंदा धुरा भरून गोटे टाकले तरी पुढच्या वर्षी वावरात तितकेच हजर!

याचे कारण मला पुष्कळ उशिरा, तेही मुलीकडून कळले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. रस थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकून पडले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपत गेले आणि आतल्या भिंतीवर थरावर थर बसवीत गेले. झाडाच्या खोडात वलये असतात तशी. हाच अकीक. वरचा काळा खडक ऊनपावसाने कुजला आणि त्याची कपाशीची काळी माती झाली. अकीक मात्र कुजेना. जर्मन शास्त्रज्ञ मोस याने 1812 साली खनिजांच्या कठिणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. तीत हिरा दहावा, कुरुंद नववा आणि आमचा गोटा जवळजवळ सातवा येतो. चाकूच्या पोलादाने त्याच्यावर ओरखडासुद्धा उठत नाही. तेव्हा ज्या मातीने आम्हाला कापूस दिला आणि ज्या गोट्यांनी वखर मोडले, ती दोन्ही एकाच खडकाची लेकरे.

आता ते वावर आमचे राहिलेले नाही. तीन वर्षांपूर्वी विकले. घराची डागडुजी, थोडे कर्ज, अशी कारणे होतीच. पण निम्म्याहून अधिक पैसे थोरलीच्या शिकवणीला लागले. तिला डॉक्टर व्हायचे होते. मोठ्या शहरातला वर्ग, खोलीचे भाडे, खानावळ. दोन वर्षे तिने प्रवेशपरीक्षा दिली आणि दोन्ही वर्षे थोड्या थोड्या गुणांनी चुकली. ती सामान घेऊन घरी परतली तेव्हा कोणी तिला एका शब्दाने बोलले नाही. पण न बोलण्यालाही वजन असते. लहान गावात शेजारी फार मायेने चौकशी करतात. ‘मग आता काय ठरवलं?’ हा प्रश्न दिवसातून तीन वेळा ऐकावा लागू नये म्हणून ती मागच्या अंगणातच बसून राही.

अशात वावराच्या नव्या मालकाचा निरोप आला. रोही आणि रानडुकरे फार झाली म्हणून तो तारेचे कुंपण घालणार होता. ‘धुऱ्यावरचे गोटे न्यायचे असतील तर न्या, नाहीतर रस्त्याच्या भरावात टाकतो,’ असे त्याने कळवले होते. तो हे थट्टेने म्हणाला असावा. थोरली मात्र ऑटो करून गेली आणि दोन पोती भरून गोटे घेऊन आली.

आई ओसरीत बसली होती. पोती पाहून म्हणाली, ‘काय व पोट्टे, वावर गेलं अन् गोटे घरी आनले?’

पोरीने उत्तर दिले नाही. मलाही काही सुचले नाही.

शहरात असताना एका प्रदर्शनात तिने अकीकाचे चकचकीत काप पाहिले होते. (त्यातले गर्द निळे नि गुलाबी रंगवलेले असतात. हा दगड रंग पितो. आमच्या गोट्यांचे रंग राखी, दुधी, मधासारखे, क्वचित विटकरी.) फरशी कापणाऱ्याकडचे जुने छोटे यंत्र तिने स्वस्तात मिळवले. खाली पाण्याची तबकडी आणि तीत अर्धवट बुडून फिरणारे हिऱ्याच्या कणांचे पाते. पण गोल गोटा पात्याखाली घसरतो, अंगावर उडायचीही भीती. तेव्हा तो आधी लाकडी चौकटीत प्लास्टरने घट्ट बसवायचा. मग हळूहळू पुढे सरकवायचा. जोर केला की पाते वाकते आणि काप वाकडा येतो. खरे तर पाते कापत नाहीच, झिजवते. सहा सेंटिमीटरच्या गोट्याचे पाच-सहा मिलिमीटर जाडीचे सात-आठ काप निघतात. दरवेळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर दगड पात्याच्या वाटेत गाळ होऊन जातो. मग कापावर आकार आखायचा, तोही अॅल्युमिनियमच्या तारेने. शाई पाण्यात टिकत नाही. कडा उतरवून काप लाखेने काडीवर चिकटवायचा आणि पाण्याच्या कागदावर घासत बसायचे. आधी दोनशेवीस नंबर, मग चारशे, सहाशे, हजार. शेवटी चष्म्याच्या काचांना झिलई देतात त्या सेरियमच्या भुकटीने चामड्यावर चमक आणायची. एका पदकाला दोन दिवस सहज जातात.

या सगळ्यावर देखरेख आमच्या सौभाग्यवतींची. त्या परिचारिका आहेत. दगडफोडीच्या खाणीवरून खोकत येणाऱ्या मजुरांच्या छातीचे फोटो त्यांनी पाहिलेले आहेत. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते आणि भोवतीचे मांस निबर होत जाते. हा सिलिकोसिस. वरवर क्षयासारखा दिसतो, पण क्षयाची औषधे त्याला लागू पडत नाहीत आणि गेलेला श्वास परत येत नाही. खंभातला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. तिथले कारागीर राजपिपळ्याकडचा अकीक आणतात, शेणीच्या आचेवर भाजून लाल करतात, लोखंडी खुंटीवर टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे टवके काढतात. त्यांच्या मण्यांनी देशोदेशी नाव कमावले. पण कोरड्या चाकावर घासणारी कितीतरी माणसे तरुणपणीच धापा टाकू लागली. दागिन्यांच्या दुकानात हे कोणी सांगत नाही, हे मला बरे वाटत नाही. आमच्या घरी म्हणून कायदा झाला : पाण्यावाचून एक क्षणही घासायचे नाही, काम उघड्या अंगणात, तोंडावर 2020 सालापासून उरलेले ते एन-पंचाण्णव मास्क, आणि गाळ वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. हा कायदा मोडला तर यंत्र भंगारवाल्याकडे, असे मातोश्रींनी लेकीला बजावले आहे, आणि ती ते खरे करील याविषयी घरात दुमत नाही.

मण्यांचे हे वेड आमच्या भागाला नवे नाही. नागपूरजवळ माहुरझरी म्हणून गाव आहे. तिथली शिलावर्तुळे नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 या काळात उकरली. मणी घडवण्याचे ते फार जुने ठिकाण. तयार मण्यांबरोबर अर्धवट राहिलेले मणी, फुटके तुकडे, टवकेही तिथे सापडतात. मला त्या फुटक्यांविषयी जास्त आपुलकी वाटते. भोक पाडता पाडता मणी दुभंगला तेव्हा त्या कारागिराने कपाळाला हात लावला असेल, आणि दुसरा गोटा उचलला असेल. थोरलीचे पहिले अकरा काप तडकले. तिने ते फेकले नाहीत, खिडकीत ओळीने मांडून ठेवले आहेत.

बारावा नीट निघाला. पाण्यातून काढून तिने तो उन्हात धरला. मध्यभागी स्फटिकांची एवढीशी खळी आणि तिच्याभोवती केसासारख्या बारीक रेषा, कुठे पांढऱ्या, कुठे मधाळ. वरून त्याच गोट्याचे रूप जुनाट बटाट्यासारखे होते. आई लुगड्याला हात पुसत जवळ आली. काप हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करीत राहिली.

‘हे आपल्या वावरातलं?’

‘हो, आजी.’

‘याच्या अंदर असं होतं?’ आणि थोड्या वेळाने, जरा रागानेच, ‘चाळीस वर्सं फेकले म्या. कोनं सांगतलं नाही मले.’

त्यानंतर तिने पोत्यांजवळ बसून गोटे निवडायला सुरुवात केली. हाताला जड लागतो तो बाजूला, पोकळ वाजतो तो वेगळा. तिचा अंदाज फारसा चुकत नाही, असे थोरली सांगते. चाळीस वर्षे हाताळल्यावर तेवढे कळायचेच. मोटारी गुंडाळण्याच्या दुकानातून तांब्याची तार येते, तिने काप मढवले जातात; दोन-तीन आमच्या सोनाराने चांदीच्या कोंदणात बसवून दिले. सोन्याचा आजचा भाव पाहता मास्तरांच्या घराला हेच परवडणारे. काही विकले गेले. त्यातून पोट चालेल असे मी मानत नाही आणि तीही मानत नाही. यंदा तिने बी.एस्सी.ला नाव घातले आहे; विषयांत भूगर्भशास्त्र आहे. शेजारी आता ‘यात स्कोप आहे का?’ असे विचारतात. ती त्यांना बसवून बुडबुड्यांची हकीकत सांगते, मग ते फार वेळ थांबत नाहीत.

त्या बाराव्या कापाचे पदक तिने आजीसाठीच केले होते. आईने ते गळ्यात घालायला साफ नकार दिला. वडील गेल्यापासून तिचा गळा मोकळाच आहे आणि त्या बाबतीत ती कोणाचे ऐकत नाही. ‘जल्मभर गोटे उचलले, आता गयात कायले बांधू?’ असे म्हणून तिने ते परत केले. थोरलीचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर पदक आईच्या पानसुपारीच्या चंचीच्या दोरीला बांधलेले होते. कधी, कोणी बांधले, हे आम्ही विचारले नाही.

चंची कमरेला खोचूनच ती बाजारात जाते. भाजीवाल्या बायकांची नजर पडते, त्या विचारतात, हे काय चमकते म्हणून. ‘आमच्या वावरातलं हाये,’ ती सांगते, आणि मेथीची जुडी उलटून पाहू लागते. वावर विकल्याचे मात्र सांगत नाही.