म्युलेनबर्गचं मत

‘अमेरिकेच्या संसदेवर काहीतरी रंजक लिहा,’ असा संपादकांचा निरोप आला आणि सोबत एक फॉरवर्डही. जर्मन ही अमेरिकेची राजभाषा होता होता राहिली, फक्त एका मताने. आणि ते मत एका जर्मनानेच दिलं! हे मला दर वर्षी कुणीतरी पाठवतं. पाठवणारे चांगले शिकलेले असतात, याचं जास्त वाईट वाटतं.

तो जर्मन म्हणजे फ्रेडरिक म्युलेनबर्ग. जन्म पेनसिल्व्हेनियातला, वडील ल्यूथरन पाद्री, शिक्षण जर्मनीत हाले इथे, स्वतःही पाद्रीच. थोरला भाऊ पीटर चर्च सोडून लढायला गेला, तेव्हा याने त्याला पत्रातून खडसावलं. पुढे इंग्रज न्यूयॉर्कवर चालून आले आणि यालाच आपलं चर्च सोडून पळावं लागलं. मग राजकारण. ४ मार्च १७८९ला भरायच्या प्रतिनिधिगृहाची गणसंख्या एकदाची १ एप्रिलला जमली आणि हा पहिला सभापती झाला.

आता ते मत. व्हर्जिनियाच्या ऑगस्टा परगण्यातल्या जर्मनांनी १७९४मध्ये अर्ज केला, की कायदे जर्मनमध्येही छापून द्या. एवढंच. राजभाषेचा प्रश्नच नव्हता. १३ जानेवारी १७९५ला या विषयावर समितीने पुन्हा बसावं की नाही, यावर मतं पडली: बाजूने ४१, विरोधात ४२. म्हणजे एका मताने पडला तो कामकाजाचा ठराव! कुणी कुठे मत दिलं, याची नावनिशीवार नोंदही नाही. १८४७मध्ये फ्रान्झ ल्योहर या लेखकाने सगळा प्रसंग उचलून पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात नेऊन ठेवला आणि निर्णायक मत म्युलेनबर्गच्या पदरात टाकलं. राजभाषेचा कायदा तर अमेरिकी काँग्रेसने आजतागायत केलेला नाही.

माझा राग असा, की या थापेखाली त्याचं खरं मत झाकलं गेलं. इंग्लंडशी झालेला ‘जे करार’ सिनेटने मंजूर केला, वॉशिंग्टनने सही केली. पण अंमलबजावणीचा पैसा प्रतिनिधिगृहाच्या हातात. संपूर्ण सभागृह समिती म्हणून बसतं, तेव्हा सभापती खाली उतरतो आणि दुसरा सदस्य अध्यक्ष होतो (हे वाक्य संपादक कापणार, पण त्याशिवाय पुढचं कळत नाही). २९ एप्रिल १७९६ला त्या खुर्चीत म्युलेनबर्ग होता. अंमलबजावणीच्या ठरावावर मतं ४९–४९. तो ज्यांच्यात बसत होता ते तेव्हाचे रिपब्लिकन कराराच्या विरोधात. याने कराराच्या बाजूने मत दिलं.

दुसऱ्या दिवशी पूर्ण सभागृहात ठराव ५१–४८ने मंजूर झाला. म्हणून त्याचं मत काही निर्णायक नव्हतं, असं काहीजण म्हणतात. मला पटत नाही. समितीतच ठराव पडला असता, तर कुंपणावरचे रातोरात कुठल्या बाजूला उतरले असते, कोण सांगणार? म्युलेनबर्गच्या मेहुण्याला तरी ते मत निर्णायकच वाटलं असावं. काही दिवसांतच त्याने म्युलेनबर्गला सुरा मारला. जीव वाचला, पण त्याच वर्षी जागा गेली. पुढे म्युलेनबर्गने पेनसिल्व्हेनियाच्या जमीनखात्यात वसुलीचं काम केलं आणि १८०१मध्ये, ५१व्या वर्षी, लँकेस्टरला वारला.