गाडी नावावर झाली का?

फोटोत सिग्नलचा पांढरा पट्टा आहे. त्यावर मोटारसायकलचं पुढचं चाक चढलेलं आहे. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही आणि पुढे टाकीवर, दोन्ही हातांनी हँडल धरून, शाळेच्या गणवेशातली एक लहान मुलगी बसली आहे. नंबर प्लेट स्वच्छ वाचता येते. लेगगार्ड डावीकडून आत वाकलेला आहे. तो कधी वाकला हे मला माहीत आहे. २००८ च्या पावसाळ्यात नळ स्टॉपच्या चौकात मी घसरून पडलो होतो, तेव्हा.

ही हीरो होंडा स्प्लेंडर बाबांनी मला २००५ साली घेऊन दिली होती आणि मी ती जानेवारी २०१२ मध्ये विकली. फोटो आहे फेब्रुवारी २०२४ चा. खाली ठिकाण लिहिलंय: हडपसर, गाडीतळ. चलान माझ्या नावावर.

मे २०२४ मध्ये बारा वर्षांनी जर्मनीहून आम्ही पुण्यात परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "तुझ्या नावाने अधूनमधून येतायत. तू तर तिकडे होतास, म्हटलं काहीतरी चूक असेल." आत न भरलेल्या दंडासाठी लोकअदालतीच्या नोटिसा होत्या. नंबर टाकून चलानं उघडली, तर एकूण नऊ निघाली. त्यांतलं हे शेवटचं. परिवहनच्या ॲपवर तोच नंबर टाकला. मालकाच्या नावातल्या काही अक्षरांच्या जागी फुल्या होत्या, पण स्वतःचं नाव ओळखायला उरलेली अक्षरं पुरली. गाडीचं पंधरा वर्षांचं पासिंगही २०२० मध्येच संपलेलं.

जर्मनीचा व्हिसा आला तेव्हा हातात दोन आठवडे होते. एका एजंटाने चौदा हजार रोख दिले, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला आणि गाडी नावावर करायचे टीटी फॉर्म पुढे केले. कोरे. त्याने खुणा केल्या होत्या तिथे मी सह्या केल्या. "आठ दिवसांत नावावर होऊन जाईल," तो म्हणाला. पुण्यात सगळे असंच करत होते, अजूनही बरेच जण करतात. गाडी त्या कोऱ्या फॉर्मांसकट एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते आणि सरकारदरबारी मालक तोच राहतो, पहिला. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. म्हणजे एजंटाने केलं नाही हे खरं, पण कळवायचं मीही होतं.

दंड मी भरून टाकले. पैशांचं काही वाटलं नाही. झोप उडाली ती एका वकील मित्राने सांगितलेल्या निकालामुळे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या लेखी मालक तो. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक तीन-चार हातांतून गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावर आली. मित्र हे सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोर्ट नव्हतं, टाकीवर बसलेली ती मुलगी होती. त्या गाडीचा २०१२ नंतर विमा कोणी काढला असेल का? तिला काही झालं असतं तर?

अशा मनःस्थितीत आम्हाला गाडी घ्यायची होती. आईचे गुडघे दुखतात, तिला रिक्षात चढवत नाही, मुलीची शाळा बावधनला. नव्या गाडीवर एवढे पैसे घालायची तयारी नव्हती, कारण इथे आम्ही पुन्हा रुजतो की नाही हे आधी बघायचं होतं. सेकंडहँडच घ्यायची ठरली. त्याआधी माझं लायसन्स. २००३ साली काढलेलं, वीस वर्षं पुरलं आणि मी परत येण्याआधी काही महिने संपलं. संपून वर्ष व्हायच्या आत अर्ज केला म्हणून पुन्हा चाचणी द्यावी लागली नाही, चाळिशी ओलांडल्यामुळे डॉक्टरांचा दाखला तेवढा जोडावा लागला.

श्टुटगार्टला २०१३ मध्ये आम्ही आठ वर्षांची एक ओपेल कोर्सा घेतली होती. तिथे दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी असते. लोक तिला सरसकट 'ट्यूफ' म्हणतात. मागच्या नंबर प्लेटवर एक गोल रंगीत चकती चिकटवलेली असते, पुढची तपासणी कधी ते तिच्यावरून कळतं. विमा कंपनीचा क्रमांक, गाडीच्या नोंदणीचे दोन्ही भाग आणि ओळखपत्र घेऊन मी एका सकाळी नोंदणी कार्यालयात गेलो, शेजारच्या दुकानातून 'एस' अक्षराच्या नव्या प्लेट करून आणल्या, त्यांच्यावर शिक्के बसले आणि जेवायच्या वेळेला गाडी माझी झाली होती. त्या दिवशी त्याचं मला काहीच विशेष वाटलं नाही. आता वाटतं.

गाडी बघायला बरोबर आले ते कर्वे रोडच्या गल्लीतले गॅरेजवाले मामा. बाबांच्या लूनापासून आमच्या घरातली सगळी वाहनं त्यांच्याच हाताखालून गेलेली. पंचाहत्तरी जवळ आली, गॅरेज मुलगा बघतो, तरी "तू एकटा जाऊ नको" म्हणून निघालेच.

ऑगस्ट महिना होता. महिन्याभरापूर्वी, २५ जुलैला, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत शिरलं होतं. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर भागात गाड्या अक्षरशः एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. मामांनी दोन्ही वेळा अशा गाड्या उघडून धुतलेल्या. त्यामुळे हायवेलगतच्या एका डीलरकडे चकचकीत पांढरी गाडी दाखवली, तेव्हा त्यांनी बोनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले, सीट बेल्ट हळूहळू ओढत पार शेवटापर्यंत बाहेर काढला आणि बोटांत धरून मला दाखवला. वरचा पट्टा काळाभोर, शेवटची वीतभर मातकट, आणि दोन्हींच्या मध्ये एक आडवी रेघ. बेल्ट एरवी कोणी एवढा ओढत नाही, म्हणून तेवढाच धुवायचा राहून गेला होता. मग सीटखालची मॅट उचलली. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांच्या बोल्टवर गंज होता, पाच वर्षांच्या गाडीला. स्टेपनीच्या खळग्यात नख फिरवलं तर बारीक गाळ आला.

"ही पाण्यात बसलेली आहे," मामा डीलरसमोरच म्हणाले. "आज चालेल. सहा महिन्यांनी वायरिंगची जोडणी कुजायला लागली की कुठला दिवा कधी पेटेल सांगता येणार नाही. एअरबॅगचा डबा इथंच खाली असतो रे, सीटच्या मध्ये." डीलर गाडीची सर्व्हिस हिस्टरी दाखवत होता. ती निर्मळच होती. पूर काही सर्व्हिसला जात नाही.

पुढच्या तीन गाड्यांचं सांगण्यासारखं काही नाही. एकीचं मीटर मागे फिरवलेलं असावं, कारण आकडा ३८ हजारांचा आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत. दुसरीचा एका बाजूचा सगळा पेंट नवा. तिसरी महाग.

पाचवी होती कर्वेनगरमधल्या एका निवृत्त काकांची. मारुती स्विफ्ट, पेट्रोल, २०१७, एमएच १२, पहिलेच मालक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही रात्री चालवण्याचा विश्वास वाटेना म्हणून काढायची होती. काकांनी किल्लीबरोबर दोनशे पानी एक वही माझ्या हातात दिली. गाडी घेतल्या दिवसापासून पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर. शाईच्या पेनाने, एकाखाली एक. २१ मार्च २०२० ची नोंद आणि तिच्याखाली थेट १४ जून. मधे एक ओळ मोकळी सोडलेली. मी ती पानं उभ्याउभ्या किती वेळ चाळत होतो कोण जाणे. त्या वहीनंतर मीटर फिरवलंय का हा प्रश्नच उरला नव्हता. मामांनी तरीही सीट बेल्ट ओढलाच, टायरवरचे चार आकडे वाचून ते कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यातले ते पाहिलं, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून धूर येतो का ते बघितलं. मग आम्ही चांदणी चौकाचा चढ चढून भूगावपर्यंत जाऊन आलो. बारा वर्षं डावीकडे बसून चालवल्यामुळे गाडीची डावी बाजू कुठे संपते याचा अंदाज येत नव्हता, मामा खिडकीतून बघून "आहे जागा, घे" सांगत होते. उजव्या पुढच्या चाकाकडून खडखड आली. "लोअर आर्मचा बुश. नाना पेठेतून आणू, तासाभराचं काम."

सव्वाचार लाखांत ठरलं. बायकोने टोकन दिलं. आणि काका अगदी सहज म्हणाले, "मी फॉर्मवर सह्या करून ठेवतो. तुम्ही सवडीने नावावर करून घ्या, घाई नाही. गाडी आजच न्या."

मी नको म्हणालो. त्यांना वाटलं, गाडीबद्दलच काही शंका आली. मग मी खिशातून फोन काढून तो फोटो दाखवला आणि सगळी हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत होते.

"ही पोर कोणाची?"

"माहीत नाही, काका."

"आणि गाडी तुमच्या नावावर."

"हो."

ते आत गेले आणि फाइल घेऊन आले. "चला, बसा. काय काय लागतं ते एकदा लिहून काढू."

बरंच लागलं. गाडीचं कर्ज त्यांनी २०२० मध्येच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी फाइलमध्ये जपून ठेवलेली, पण अशी पत्रं तीन महिनेच चालतात. नवी आणवून फॉर्म ३५ भरला. पीयूसी काढली. मामांच्या मुलाने चेसिस नंबरवर कागद धरून शिसपेन्सिल घासली, एकेक आकडा करड्या रंगात वर आला, आणि मला २०१२ ची ती दुपार आठवली. फरक एवढाच, की या वेळी सही करण्याआधी माझं नाव, पत्ता, तारीख, रक्कम सगळं काकांनी स्वतः भरलं. अर्ज ऑनलाइन करताना ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येत होता, ते एकेक अंक मोठ्याने वाचत होते. कागद घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत आम्ही दोघं बरोबर गेलो. त्याच आठवड्यात विमा माझ्या नावावर करायला टाकला. तो १४ दिवसांत करायचा असतो, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. काकांचा क्लेम न घेतल्याचा बोनस मात्र गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. त्यामुळे हप्ता वाढला.

त्यानंतर तीन आठवडे काकांचा एक दिवसाआड फोन यायचा. "झाली का नावावर?" गाडी तोवर त्यांच्याच पार्किंगमध्ये होती, मीच तशी ठेवली होती. रविवारी सकाळी जाऊन सुरू करून पाच मिनिटं चालू ठेवायचो, मग ते चहा करायचे. ज्या दिवशी मेसेज आला त्या दिवशी मी फोन करायच्या आत त्यांचाच आला. "माझ्या नावावरून गेली हो. आत्ताच बघितलं." त्यांचा आवाज जरासा कापत होता. गाडी न्यायला गेलो तेव्हा वही त्यांनी दिली नाही, मीही मागितली नाही. पहिल्या पानावरचा मीटरचा आकडा मात्र मी माझ्या नव्या वहीत उतरवून घेतला.

स्प्लेंडरचं काम अजून व्हायचंय. आरटीओला लेखी कळवलं, चलानांच्या प्रती जोडल्या, पोलिस चौकीत अर्ज दिला, पोच घेतली. पण नाव बदलायला समोरचा माणूस लागतो. एजंटाच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

म्हणून दोन-तीन वेळा, शाळा भरायच्या वेळेला, मी स्विफ्ट घेऊन हडपसरला गेलो. गाडीतळाजवळ एका बाजूला लावून पाऊण-पाऊण तास उभा राहिलो. त्या वेळेला तिथून किती मोटारसायकली जातात आणि किती जणांच्या टाकीवर पोरं बसलेली असतात, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वाकलेला लेगगार्ड अजून दिसलेला नाही. भेटला तर मला त्या माणसाशी भांडायचं नाही. आरटीओची फी मी भरीन, त्याने फक्त आधार कार्ड आणावं, आणि मुलीसाठी एक हेल्मेट मला घेऊन द्यायचंय. फॉर्म २९ आणि ३० डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. गाडीचा नंबर भरलाय, विकणाऱ्याचं नाव भरलंय. घेणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी मोकळी आहे, आणि माझी सही मी अजून केलेली नाही.