आंबवड्याहून पुण्याच्या पीसीवर

नागेश्वराचं देऊळ, झुलता पूल, कान्होजी जेध्यांची समाधी: आंबवड्यात सगळं जागच्या जागी. माझ्या लॅपटॉपचा पत्ता तेवढा फिरता. मोबाइल कंपनी एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक बसवते, आणि तो आयपीही बदलत राहतो. पुण्यातल्या ऑफिसच्या फायरवॉलमध्ये ‘फक्त या पत्त्याला आत घ्या’ असं लिहायचं, तर लिहायचा कुठला?

०

१३ मार्च २०२०. दूरसंचार विभागाने बीपीओवाल्यांना घरून काम करायची मोकळीक दिली. पण व्हीपीएन स्टॅटिक आयपीवर हवं, असंही त्यात होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्टॅटिक आयपी! कागद दिल्लीत लिहिला की असं होतं.

०

राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सरळ उघडा टाकणारे अजून भेटतात. ‘पासवर्ड अवघड ठेवलाय की!’ मे २०१९ मध्ये त्यातलं ब्लूकीप नावाचं भगदाड उघडकीला आलं, त्यातून शिरायला पासवर्ड लागतच नव्हता. मायक्रोसॉफ्टने केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला, यावरून काय ते समजावं. काहीजण ३३८९ चा ३३८९० करून निर्धास्त होतात. स्कॅनर सगळेच पोर्ट ठोठावतो, आणि रिमोट डेस्कटॉप कुठल्याही पोर्टवर ‘ओ’ देतो.

०

वायरगार्ड हे व्हीपीएन ओ देत नाही, म्हणून मला आवडतं. ओळखीच्या कीवरून न पटणारं पॅकेट आलं की गप्प. बाहेरच्याला तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही. शिवाय ओळख पटते ती कीवरून, आयपीवरून नाही. डोंगराआड रेंज गेली, परत आली, आयपी बदलला, तरी व्हीपीएनचा बोगदा तोच. स्क्रीन थिजते आणि पुन्हा हलू लागते. मार्च २०२० मध्येच ते लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये आलं. टाळेबंदीचा मुहूर्त!

०

ऑफिसात एसएसएच सर्व्हर असेल तर वेगळं काही बसवायला नको. लॅपटॉपवरचा १३३८९ बोगद्यातून ऑफिसातल्या पीसीच्या ३३८९ ला जोडायचा आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये पत्ता टाकायचा लोकलहोस्ट:१३३८९. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की. हेलसिंकीच्या तातू इल्योनेनने १९९५ साली एसएसएच लिहिलं तेही विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणी पासवर्ड चोरून ऐकत होतं म्हणून.

०

बोगद्यातून आत आलेल्याला अख्खं ऑफिस मोकळं सोडू नये. एका पीसीचा एक पोर्ट. टॅलीच्या सर्व्हरकडे, प्रिंटरकडे वाट बंद. हा नियम ऑफिसच्या फायरवॉलवरच लिहायचा, लॅपटॉपवर नव्हे. लॅपटॉप एसटीत राहिला तर सर्व्हरवरून त्याची की काढली की झालं.

०

पीसी स्लीपला गेला तर बोगदा ठणठणीत असूनही उपयोग शून्य. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’, आणि लाइट जाऊन आली की आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये. शनिवारी ऑफिसला कुलूप असतं, बटण दाबायला कोण जाणार?