बोल्ट बसले म्हणजे मोटर बसली?

नोकरीच्या निमित्ताने बेळगाव सोडून आम्ही सिल्वासाला आलो, त्याला बरीच वर्षे झाली. माझा कारखाना जवळच्या खेरडीत. १९५४ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या या मुलखात एकाच चौकात गुजराती, वारली, मराठी, हिंदी कानांवर पडते. सीमाभागातल्या माणसाला त्याचे नवल नाही. आमच्या घरातच दोन भाषा. बायको अथणीची, रागावली की कन्नड, समजूत घालायची असली तरी कन्नडच.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई आमच्याकडे होत्या. वापीला मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. नेमकी आदल्या दुपारी कारखान्याच्या दारात गाडी रुसली. किल्ली फिरवली की नुसते 'टक्'. चार जणांनी ढकलत ती रस्त्याकडेच्या गॅरेजात नेली.

मिस्त्रीने आधी हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितली. दिवे मंदावले नाहीत, म्हणजे बॅटरीत दम होता. टर्मिनल घासली, अर्थची पट्टी पाहिली, तरी 'टक्'च. मग म्हणाला, "स्टार्टरच गेला, भाऊ."

मित्राच्या मोटारसायकलवरून जाऊन मी शहरातून दुरुस्त केलेला स्टार्टर आणला. "याच गाडीचा," असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. मिस्त्रीने मात्र जुना आणि नवा पोत्यावर शेजारी शेजारी ठेवले. बोल्टची भोके जुळली, पुढचे गोल तोंडही जुळले. मला वाटले, झाले काम! पण तो पिनियनचे दात मोजत बसला. जुन्याला आठ, नव्याला नऊ.

"एका दाताने काय होतंय? लावून टाका," मी म्हणालो.

"बोल्ट बसतील हो, पण दातात दात बसणार नाही. फ्लायव्हीलची रिंग खाऊन टाकील. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खर्च तुम्ही करणार?"

माझा आवाज चढला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. पलीकडून तिने माझा सूर ऐकला असावा. एवढेच म्हणाली, "री, निधान."

कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, दमाने. मी गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी सासूबाई काळा चष्मा लावून आमच्यासोबत रिक्षाने वापीला गेल्या. खड्ड्याखड्ड्याला मला अपराधी वाटत होते. त्यांनी मात्र चकार शब्द काढला नाही. डॉक्टरांनी डोळा ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी जुना नग हातात घेऊनच दुकानात गेलो आणि मोटर बदलून आणली. या वेळी दात मीच मोजले. मिस्त्रीने बसण्याच्या कडेपासून पिनियनपर्यंतचे अंतर दोन्हींवर पट्टीने मोजले. ते कमी-जास्त झाले तर पिनियन एक तर रिंगला सतत घासतो, नाही तर पुरता पोचतच नाही. मग मोटर पायाखाली दाबून बॅटरीच्या वायरी लावल्या. पिनियन पुढे झेपावला आणि जुन्याच दिशेने फिरला.

गाडीवर चढवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. बसायची जागा पुसली. बोल्ट आधी हातानेच फिरवले, पाना नंतर. मोटर सरळ बसली नसेल तर ते हाताला तिथेच कळते. जाड वायर बॉडीला टेकत नाही ना, हेही पाहिले. किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झाले. खरखर नाही, किल्ली सोडल्यावर मागे घरघर नाही. तरी त्याने मला दहा वेळा सुरू-बंद करायला लावले.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर आला, त्याआधी हँडल मारावे लागे. उलटा झटका बसला की मनगट मोडायचे. तो त्रास गेला. उतावीळपणा मात्र आपल्याकडेच राहिला.

मराठीत आपण रोग ओळखण्याला निदान म्हणतो. दिवे लावून बॅटरी पाहिली ते निदान, आणि दात मोजले ते बायकोचे निधान. आमच्या घरात हे दोन्ही शब्द रोज वापरात होते. मला मात्र ते खेरडीच्या मिस्त्रीकडून शिकावे लागले. जुना स्टार्टर परत करायच्या आधी सासूबाईंनी तो हातात घेतला, चष्मा वर केला आणि दात मोजले. "एंटु," त्या हसून म्हणाल्या. आठच! डोळ्याची तपासणी घरीही झाली.