दत्तक एंजिन

मोटारीचे हृदय कोणते, असा प्रश्न कोणी केला तर शाळेतले पोरही क्षणाचा विलंब न लावता 'एंजिन' असे उत्तर देईल. इंग्लंडच्या मोटार-नोंदणी खात्याचे मत मात्र अनेक वर्षे निराळे होते. जुन्या मोटारीत फार फेरफार झाले म्हणजे ती मूळचीच मोटार समजावी की नवी, हे ठरविण्यासाठी त्या खात्याने परीक्षकाप्रमाणे गुण ठेवले होते. सांगाडा किंवा अखंड बॉडी यांस 5 गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांस प्रत्येकी 2. आणि एंजिनास अवघा 1. या चौदांपैकी आठ गुण पदरी पडले की मोटार आपला जुना नंबर बाळगण्यास पात्र ठरे. 2025 साली हे नियम बदलण्यात आले. परंतु आयुष्यभर उत्तरपत्रिका तपाशीत आलेल्या आमच्यासारख्याच्या मनातून तो एक गुण काही केल्या जात नाही. ज्यास हृदय म्हणावयाचे त्याची किंमत चौदांत एक! इतका कडक परीक्षक आम्ही विद्यापीठातही पाहिला नाही.

या खात्याशी आमचा संबंध आला तो आमच्या भाच्यामुळे. तो बर्मिंगहॅमजवळ नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे, आणि 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही काही आठवडे त्याच्याकडे राहिलो होतो. त्याच्या घराला लागून मोटारखाना आहे आणि त्या मोटारखान्यात 1978 सालची, दोन माणसांपुरती, उघड्या टपाची एक एमजीबी आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, हे ऑक्सफर्डचे नाव. एमजीबी ही मोटार 1962 पासून 1980 पर्यंत ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात तयार होत असे, आणि अठरा वर्षांत अशा पाच लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची चीज नव्हे. शिक्षक, कारकून, नर्स अशा माणसांनी पगारातून पैसे शिलकीस टाकून घेतलेली ही चैनीची वस्तू. भाच्याची मोटार तशीच एका शेजाऱ्याची. तो वृद्ध गृहस्थ एका कारखान्यात फिटर होता. त्याने ती नवी कोरी घेतली, चाळीस वर्षांवर चालविली, आणि गुडघे वाकेनासे झाले तेव्हा आमच्या भाच्यास विकली.

मोटार तर आली, परंतु तिचे 1798 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे लोखंडी एंजिन आता थकले होते. तेल पिई, धूर ओकी, आणि चढावर धापा टाकी. ते उघडून नव्याने बांधावे की त्याच्या जागी दुसरे बसवावे, हा प्रश्न होता. भाच्याने एका मोडीत निघालेल्या रेंज रोव्हरचे आठ सिलिंडरांचे एंजिन आधीच मिळवून ठेवले होते. "मामा, तुम्ही तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचता. सांगा, हे पाप आहे का?" असे त्याने आम्हांस विचारले. भाचेसून चहा ओतता ओतता म्हणाली, "पाप-पुण्य राहू द्या, मामा. माझी बाग तेवढी तेलानं भिजवू नका म्हणावं!"

उत्तर देण्यापूर्वी त्या नव्या एंजिनाचे गोत्र विचारणे आम्हांस प्राप्त होते, आणि ते ऐकून आमची मोठी करमणूक झाली. हे एंजिन जन्माने इंग्रज नव्हेच. अमेरिकेतील जनरल मोटर्सने ते 1961 च्या ब्यूक मोटारींसाठी तयार केले. साडेतीन लिटर, आणि लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचे, म्हणून वजन अवघे 144 किलोच्या आसपास. परंतु ॲल्युमिनियमचे ओतकाम महाग पडे, आणि 1963 नंतर जन्मदात्यांनी त्याचा त्याग केला. तेव्हा इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने 1965 साली त्याचे हक्क विकत घेतले. 1967 पासून ते रोव्हरच्या मोठ्या मोटारींत, 1968 पासून मॉर्गनमध्ये, 1970 पासून रेंज रोव्हरमध्ये बसू लागले, आणि पुढे तीन तपांहून अधिक काळ त्याने त्या घराण्याचे नाव चालविले. दत्तक मुलाने औरसांहून कुळाचा लौकिक अधिक वाढवावा, असाच हा प्रकार झाला.

एकाचे एंजिन दुसऱ्यात बसविण्याची ही रीत भाच्यानेच शोधून काढली असेही नाही. 1921 साली काउंट लुई झ्बोरोवस्की नावाच्या एका धनिक तरुणाने कँटरबरीजवळच्या आपल्या वाड्यातच मर्सिडीजच्या सांगाड्यावर 23 लिटरचे मायबाख विमान-एंजिन चढविले आणि ती मोटार ब्रुकलंड्सच्या शर्यतीत पळविली. तिचे नाव चिटी बँग बँग! पुढे 1962 साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने एसी या इंग्रज कंपनीच्या हलक्या मोटारीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे एंजिन घालून 'कोब्रा' निर्माण केली. तिच्यात पूर्वी जे ब्रिस्टल एंजिन असे त्याचा आराखडाही मुळात युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यूचा होता. म्हणजे जिला आज लोक अस्सल म्हणून डोक्यावर घेऊन नाचतात तिच्या घराण्यात दोन पिढ्या दत्तकाच्याच! खुद्द एमजीबीचेही तेच. केन कॉस्टेलो नावाच्या एका शर्यतपटूने स्वतःच्या हिमतीवर तिच्यात रोव्हरचे एंजिन बसवून दाखविले, आणि मग कारखान्यास जाग आली. ऑगस्ट 1973 मध्ये कारखान्याने बंद टपाची तशी मोटार बाजारात आणली; दोनच महिन्यांनी तेलाचे जागतिक संकट कोसळले, आणि 1976 पर्यंत अशा 2591 मोटारी होऊन ते प्रकरण आटोपले. अर्थात 'मूळची' एमजीबी कोणती, हे सांगण्यास कारखान्याचा दाखलाही पुरत नाही.

पापपुण्याचा निवाडा असा लांबणीवर पडला, परंतु काम सुरू झाले. भाड्याने आणलेल्या लहानशा क्रेनच्या साखळीस जुने एंजिन गिअरबॉक्ससकट टांगून वर उचलले गेले, तेव्हा त्या मोटारीचे तोंड दात काढलेल्या माणसासारखे दिसू लागले. आमच्याकडे बॅटरी धरण्याचे आणि नट निरनिराळ्या डब्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम होते. पुस्तकांच्या याद्या करण्याची सवय अशी उपयोगी पडली! एंजिन काढणे ही एक दुपार होती. बसविणे हे तीन आठवडे पुरून उरले. कारण एंजिन बदलणे म्हणजे एक वस्तू बदलणे नव्हे. शक्ती वाढली की मागच्या ॲक्सलची दात-चक्रे बदलावयास हवीत, पूर्वीचे 3.9 चे प्रमाण ठेवले तर बिचारे एंजिन विनाकारण गरगरत राहावयाचे, म्हणून कारखान्याने आपल्या मोटारीस 3.07 चे दिले होते. वेग वाढला की ब्रेकच्या चकत्या जाड हव्यात. उष्णता वाढली की रेडिएटरला पंख्यांची जोड हवी. कार्बुरेटर एंजिनाच्या माथ्यावर बसवावे तर बॉनेट मिटत नाही. कॉस्टेलोने बॉनेटलाच उंचवटा काढला, तर कारखान्याने कार्बुरेटर मागे सरकवून तो टाळला. घरात नवी सून आली म्हणजे पाटापासून पाटीपर्यंत सगळ्यांनाच थोडे सरकून घ्यावे लागते, तसे हे होते.

खरा तंटा निघाला तो धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरून. आठ सिलिंडरांचा धूर बाहेर काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक, नळ्या एंजिनाच्या कुशीला चिकटून खाली उतरवावयाच्या. परंतु तेथे एका बाजूस स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो, जागा बोटभरच राहते, आणि सारी धग बॉनेटखाली कोंडते. दुसरा, मडगार्डाच्या आतल्या पत्र्यास दोन्ही बाजूंनी भोके पाडून नळ्या बाहेरून न्यावयाच्या. मग एंजिन थंड राहते आणि मोकळा श्वास घेते. भाच्याचा कल दुसऱ्या मार्गाकडे. त्याने पत्र्यावर खडूने दोन वर्तुळेही काढली होती. इतक्यात तो वृद्ध शेजारी काठी टेकीत आला. इतके दिवस तो रोज येई, स्टुलावर बसे, कोणता पाना घ्यावा हे सांगे, आणि आपले एंजिन निघाले तेव्हाही त्याने चकार शब्द काढला नव्हता. ती खडूची वर्तुळे पाहून मात्र तो उभाच राहिला. थोड्या वेळाने त्याने भाच्यास शांतपणे विचारले, "तुमच्यानंतर ही मोटार कोणाची?"

भाचा गांगरला. म्हाताऱ्याने पुढे सांगितले ते असे: एंजिन उद्या कोणालाही काढता येईल आणि जुने पुन्हा बसविता येईल, त्याचे मला दुःख नाही. परंतु कापलेला पत्रा कोणालाही न-कापलेला करता येणार नाही. ज्याच्या हाती ही मोटार पुढे जाईल त्याच्यावतीने निर्णय घेण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? भाच्यानेही आपली बाजू सोडली नाही. मोटार चालविण्यासाठी असते, ती काही देव्हाऱ्यातला टाक नव्हे. भोकांवाचून एंजिन तापेल, आणि तापणारी मोटार घरातच पडून राहील. न वापरल्याने जी मरते तिला जपली असे म्हणावे काय? दोघांचेही खरे होते, आणि दोघेही आमच्याकडे पाहू लागले.

आम्ही म्हाताऱ्याच्या बाजूने कौल दिला, आणि तो का दिला हे येथे सांगितले पाहिजे. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितो व मराठीत लिहितो. तेव्हा परक्या एंजिनाचा विटाळ मानण्याचा अधिकार आम्हांस मुळीच नाही. केशवसुतांनी गेल्याच्या गेल्या शतकात इंग्रजी सॉनेटची चौदा चरणांची रचना मराठीत आणली. ती आज आमची 'सुनीत' आहे, आणि तिच्यावाचून मराठी कविता अपुरी वाटेल. आम्ही हा जो निबंध लिहीत आहो त्याचेही एंजिन परदेशचेच. परंतु सुनीत आले म्हणून ओवी कोणी कापली नाही. अभंग जेथे होता तेथेच राहिला, आणि ज्यास हवा त्यास तो आजही तसाच हाती घेता येतो. नवे आणणे आणि जुने परत येण्याची वाट बुजविणे, ही दोन निराळी कृत्ये आहेत. उत्साहाच्या भरात माणूस पहिले करू जातो आणि नकळत दुसरेही करून बसतो. पुष्कळ सुधारकांची आणि पुष्कळ सनातन्यांची भांडणे या एका भेदावाचून झालेली आहेत.

या निर्णयाची किंमत भाच्यास भरावी लागली, हे लपविण्यात अर्थ नाही. कुशीतल्या नळ्या बसविताना त्याची बोटे सोलली. नळ्यांना उष्णतारोधक पट्ट्या गुंडाळाव्या लागल्या, एक पंखा अधिक लावावा लागला, आणि तरीही वाहनांच्या गर्दीत अडकले की उष्णतेचा काटा वर चढू लागतो व त्याच्या कपाळावर आठी पडते. गर्दीच्या वेळी तो ती मोटार बाहेर काढीत नाही. तो म्हणतो, "मामा, तुमचा निवाडा मला दर उन्हाळ्यात तापतो!" आम्ही त्यावर काही बोलत नाही, कारण निवाडा देणाऱ्यास धग लागत नाही, ही तक्रार खरीच आहे.

ज्या दिवशी एंजिन प्रथम चालू झाले त्या दिवशी म्हातारा आत बसला नाही. त्याचे गुडघे त्याला बसू देत नव्हते. त्याने फक्त बॉनेटवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून तो भरदार, खालच्या पट्टीतला आवाज ऐकला. हा आवाज त्याच्या मोटारीचा नव्हता, आणि तरी मोटार त्याचीच होती, हे दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर आम्हांस दिसले.

आता आमच्या शहरातही एमजीचा तो अष्टकोनी बिल्ला रोज दिसतो. ॲबिंग्डनचा कारखाना 1980 साली बंद झाला. नाव हस्ते परहस्ते चीनमधील एका कंपनीकडे गेले, आणि 2019 पासून गुजरातेतील हालोल येथे त्या बिल्ल्याच्या मोटारी तयार होतात. त्यांत विजेवर चालणाऱ्याही आहेत, म्हणजे एंजिनाचा तो एक गुणही त्यांस नको. मोटारी चांगल्या असतीलही. आमची तक्रार नाही. परंतु तेथे बिल्ला तेवढा राहिला आणि बाकी सर्व गेले, आणि बर्मिंगहॅमजवळच्या त्या मोटारखान्यात हृदय तेवढे गेले आणि बाकी सर्व राहिले. त्या गुणपत्रिकेत एंजिनास एकच गुण देणारा परीक्षक आम्हांस आता पूर्वीइतका कडक वाटत नाही.

जुने एंजिन भाच्याने विकले नाही. भोकांत चिंध्या कोंबून, सर्वांगास ग्रीस फासून, त्याने ते एका लाकडी चौकटीवर उभे केले आहे, आणि त्यावर एक चिठ्ठी बांधली आहे. चिठ्ठीवर एंजिनाचा नंबर आहे, ते काढल्याची तारीख आहे, आणि कोणता नट कोणत्या डब्यात आहे याची यादी आहे. ती यादी आमच्या हातची. ती कोणाच्या कधी उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, म्हणूनच आम्ही ती सुवाच्य अक्षरांत लिहिली आहे.