१७०२५ च्या फायली आणि रफ वही

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका धातू-चाचणी प्रयोगशाळेत लागले, तेव्हा स्पेक्ट्रोमीटरवर काम मिळेल असं धरून चालले होते. हातात आली ती कागदपत्रं. प्रयोगशाळेला एनएबीएलचं अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, घ्यायचं होतं. त्यासाठी डॉक्युमेंट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर आणलं होतं. सरांनी कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाले, "हे सगळं सिस्टीममध्ये चढवायचं."

कपाटात क्वालिटी मॅन्युअल होतं, चाचण्यांच्या कार्यपद्धती होत्या, भारतीय मानकांच्या प्रती, मशीनची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं, ट्रेनिंगचे कागद आणि जुनी रजिस्टरं होती. स्कॅन करून टाकलं की झालं, असं वाटलं. पण एकेक कागद चढवताना सॉफ्टवेअर विचारत राहिलं : क्रमांक काय? कितवं रिव्हिजन? तयार कुणी केलं, मंजूर कुणी केलं, लागू कधीपासून? निम्म्या कागदांवर यांतलं काहीच नव्हतं. एवढी चौकशी कशासाठी, हेच मला उमगत नव्हतं.

ते उमगायला आधी आपल्या गावचा धंदा समजून घ्यावा लागला. कोल्हापूरचं ओतकाम शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळात वाढलं. पुढं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पसरलं. इथलं कास्टिंग मोटारी, ट्रॅक्टर, पंप बनवणाऱ्या कंपन्यांकडं जातं. घेणारा प्रत्येक कास्टिंग फोडून बघू शकत नाही, तो रिपोर्ट बघतो. एफजी २६० ग्रेड म्हटलं की मानकानुसार वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारची ताणशक्ती किमान २६० मेगापास्कल भरली पाहिजे. ती भरली, हे आमच्या कागदावरून त्यानं मानायचं. का मानावं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन.

एनएबीएल हे भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ. ते प्रयोगशाळा तपासतं आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकावर. सध्याची आवृत्ती २०१७ ची. मला वाटत होतं, मान्यता अख्ख्या प्रयोगशाळेला मिळते. तसं नसतं. कुठली चाचणी, कुठल्या पद्धतीनं, कुठल्या मर्यादेपर्यंत, याची यादी असते. तिला स्कोप म्हणतात. मान्यता त्या यादीपुरती. यादीबाहेरची चाचणी केली, तर तिच्या निकालाला एनएबीएलचं चिन्ह लावता येत नाही. म्हणून मी कागद चढवायचं थांबवलं आणि आधी स्कोपमधली एकेक चाचणी घेऊन तिचे कागद शोधू लागले. तेव्हा कुठं ढिगाला आकार आला.

तरी एक गुंता सुटत नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये दोन कप्पे होते, डॉक्युमेंट आणि रेकॉर्ड. कोरा फॉर्म एकीकडं आणि तोच भरलेला फॉर्म दुसरीकडं का, ते कळेना. त्याचं उत्तर मला कडकपणा मोजणाऱ्या ब्रिनेल मशीनपाशी मिळालं.

मशीनवरचे मामा जुने कामगार. १० मिलिमीटरची गोळी ३००० किलो भारानं नमुन्यावर दाबायची, ठरलेले सेकंद थांबायचं, भार काढायचा आणि उमटलेल्या खड्ड्याचा व्यास काटकोनात दोनदा मोजायचा. सरासरी व्यास ४.२० मिलिमीटर आला तर कडकपणा २०७, ४.३० आला तर १९७. दशांश मिलिमीटरनं दहा अंकांचा फरक पडतो. मामा वाचन घ्यायचे आणि खिशातल्या तेलकट वहीत लिहायचे. मी ती वही मागितली.

"ताई, ही नका बघू, ही रफ हाय. फेअर रजिस्टर तिकडं हाय की," मामा म्हणाले.

"मग हिचं काय करता?"

"भरली की रद्दीत."

मी सरांकडं गेले. त्यांनी मानकातलं ७.५ कलम उघडून पुढं ठेवलं. मूळ निरीक्षण जेव्हा घेतलं तेव्हाच नोंदवलेलं असलं पाहिजे. दुरुस्ती केली तर आधीचं आणि नंतरचं दोन्ही राहिलं पाहिजे, कुणी आणि कधी बदललं त्यासकट. म्हणजे खरं रेकॉर्ड रफ वहीतच होतं. सुवाच्य अक्षरातलं रजिस्टर ही तिची नक्कल होती.

इथं माझा गुंता सुटला. कार्यपद्धती, कोरा फॉर्म हे डॉक्युमेंट. ते सुधारायचंच असतं. फक्त मंजुरीनं, आणि नवं रिव्हिजन आलं की जुनं वापरातून बाहेर. भरलेला फॉर्म हे रेकॉर्ड. घडलं ते घडलं; ते बदलायचं नसतं. सॉफ्टवेअरमधले दोन कप्पे, वेगवेगळे अधिकार, कुलूपबंद फायली या सगळ्याचा अर्थ एकदम लागला.

त्यानंतर मामांच्या मशीनशेजारी नोंदीचा फॉर्म आला. दोन्ही व्यास तिथल्या तिथं लिहायचे. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. मामांनी सरांना विचारलं, "म्हणजे मी हातानं लिवलेलंच खरं धरणार?" सर म्हणाले, "तुमचंच." मामा पुढं आकडे जास्त ठळक लिहायला लागले. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं. ज्याच्या हातून चाचणी होते, त्याच्या नोंदीला मान मिळतो.

मग बाकीची कामं समजून करता आली. मशीनमागच्या भिंतीवर चिकटवलेली कार्यपद्धतीची जुनी प्रत काढली. नव्या प्रिंटवर 'अनियंत्रित प्रत' असा ठसा आपोआप उमटतो, म्हणजे चालू आवृत्ती पडद्यावरच बघायची. कॅलिब्रेशनची मुदत संपण्याआधी आठवण येते. कडकपणा काढणारी एक्सेल शीटही तशीच विश्वासानं वापरता येत नाही. हातानं गणित करून ताळा घेतला, सूत्रांचे रकाने कुलूपबंद केले आणि त्या ताळ्याचीही नोंद ठेवली.

बॅकअपचं महत्त्व कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी इथं घराघरात पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. नोंदी हरवू नयेत, हीही मानकाची अट आहे. आमच्या फायलींची एक प्रत आता गावाबाहेरच्या सर्व्हरवर जाते.

अंतर्गत ऑडिटला सरांनी एक जुना रिपोर्ट उचलला आणि उलट चालायला सांगितलं. रिपोर्टवरून मूळ नोंद. नोंदीवरून मशीन, आणि त्या तारखेला चालू असलेलं कॅलिब्रेशन. मग चाचणी करणारा माणूस, त्याचं प्रशिक्षण, त्याला दिलेला अधिकार. मग त्या दिवशी लागू असलेली कार्यपद्धती. साखळी बहुतेक ठिकाणी जुळली. एका ठिकाणी ट्रेनिंगच्या कागदावर मंजुरीची सही नव्हती. मागची तारीख घालून ती घेता येत नाही. उणीव म्हणून लिहिली, कारण शोधलं, आणि सहीशिवाय अधिकारपत्र पुढं सरकणार नाही अशी पायरी सॉफ्टवेअरमध्ये बसवली.

एनएबीएलची सही आंतरराष्ट्रीय परस्पर-मान्यता करारावर असल्यामुळं स्कोपमधला रिपोर्ट परदेशातही चालतो. तिथला घेणारा शिरोली बघायला येत नाही, मामांना ओळखत नाही. त्याच्याकडं फक्त तो कागद असतो आणि त्यामागची ही साखळी.

या कामाला नव्यानं लागणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. सॉफ्टवेअर आलं म्हणून आधी कपाट रिकामं करू नका. स्कोपमधली एक चाचणी घ्या, तिचा एक रिपोर्ट घ्या आणि मूळ वाचनापर्यंत मागं जा. जिथं पाऊल अडेल, तिथून काम सुरू करा.